तीस युनिटांची टाकी

२ नोव्हेंबर

बिल आलं. आधी वाटलं, शेजाऱ्याचं चुकून आपल्या दारात पडलंय. चष्मा पुसून परत वाचलं. आपलंच. मागच्या वर्षी याच महिन्यात होते त्याच्या दीडपट युनिट! आणि घरात माणसं मात्र तीनाची दोन झालीत.

म्हणून ही वही काढली. नोकरीतली आहे, निम्मी कोरी राहिली होती. वजनमाप निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं काढली. पारड्याला खालून लावलेलं मेण, आतून पोखरलेली वजनं, पेट्रोलपंपाचे चावट काटे, सगळं पकडलं. आता निवृत्तीनंतर एका काचेच्या पेटीनं मला फसवावं म्हणजे कमालच झाली.

पेटी म्हणजे माशांची टाकी. जूनमध्ये मुलगी नोकरीसाठी दूर गेली. त्यानंतर ही रोज दुपारी तिच्या खोलीत जाऊन नुसती बसायची. एक दिवस उठली, मासेवाल्याकडे गेली आणि टाकी, लोखंडी स्टँड, नऊ मासे असं सगळं लटांबर घेऊन आली. मी काही बोललो नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं.

आज बोललो. हीटर शंभर वॉट, फिल्टर पंधरा, हवेचा पंप पाच, दिवा वीस. थंडीत हीटर दिवसाचा निम्मा वेळ चालतो. बेरीज करून कागद हिच्यापुढे ठेवला. महिन्याला जवळजवळ छप्पन्न युनिट.

"अहो, जीव आहेत ते. गार पाण्यात मरतील."

"मरू देत म्हणतोय का मी? हिशेबात जगू देत म्हणतोय. टाकीला महिन्याला तीस युनिट. त्यावर एक नाही."

"आणि वर गेले तर?"

"तर ज्या दुकानातून आली त्या दुकानात परत."

ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायची थांबली.

उद्यापासून रोज सकाळी सातला मीटरवरचा आकडा इथे लिहायचा.

४ नोव्हेंबर

चोवीस तासांचे ५.९ युनिट. फ्रिज, दिवे, टीव्ही, टाकी सगळं मिळून.

दिव्याची वेळ दहा तासांवरून चारावर आणली. टाकीच्या तीन बाजूंना थर्मोकोल चिकटवला. वरती काचेचं झाकण. ही म्हणते, "स्वेटर तेवढा राहिला विणायचा." म्हटलं, विण, लोकर जुनी वापर.

तिनं एका जाड्या माशाचं नाव फुगोबा ठेवलंय. ती खोलीत शिरली की तो काचेशी येऊन वर बघतो. मी गेलो तर पाठ फिरवतो. खाऊ कोण घालतं ते त्याला कळतं, बाकी काही नाही.

७ नोव्हेंबर

५.२. घोडं वाटेवर येतंय.

आज टायमर आणला. हीटर आता अर्धा तास चालू, अर्धा तास बंद. एक अडचण आली. टायमरला भोकं दोन आणि हीटरच्या प्लगला पिना तीन. वायरमनला फोन केला तर म्हणतो, साहेब, ती तिसरी अर्थिंगची, तिला हात लावू नका, मी दुसरा बोर्ड बसवून देतो. याला बोर्ड विकायचाय, हे शेंबडं पोरही सांगेल. मी विचारलं, ती पिन वीज ओढते का? म्हणे, नाही. वीज देते का? म्हणे, नाही. मग झालं तर. जे काटा हलवत नाही ते वजनच नव्हे. पकडीनं मोडून टाकली. एका मिनिटाचं काम.

११ नोव्हेंबर

४.९. पण थंडी वाढली आहे, आता हीटर जास्त ओढणार.

आंघोळ करताना डोक्यात आलं. गच्चीवरच्या बॉयलरचं गरम पाणी सगळ्या मजल्यांना ज्या लोखंडी पाइपातून जातं, तो पाइप आपल्या बैठकीच्या भिंतीवरून उतरून स्वयंपाकघराच्या नळाकडे आणि तसाच खाली नर्सबाईंच्या घरात जातो. दिवसभर कोमट असतो. फुकटची ऊब! टाकी त्याला चिकटवून ठेवली तर हीटरला आपोआप आराम.

दोघांनी मिळून टाकी हलवली. आधी पाणी बादल्यांत काढलं, हिनं मासे पातेल्यात घेतले. स्टँडचा मागचा पाय पाइपाला टेकेपर्यंत रेटला. ही पातेलं धरून उभी होती, म्हणाली, "अहो, हीटरची वायर पायाखाली दबतेय बघा."

"दबू दे. पळून तरी जाणार नाही."

कंबर धरली आहे. पण जागा फक्कड जमली.

१३ नोव्हेंबर

काल दिवसात तीनदा घरातली वीज गेली. शेजारी सगळ्यांकडे होती. दारामागच्या पेटीत एक स्विच आहे, मुलीनं मागच्या वर्षी हट्टानं बसवून घेतलेला. कुठे करंट गळायला लागला की तो आपण होऊन सगळी वीज तोडतो म्हणे. तोच पडत होता. वर केला की तासाभरानं परत पडायचा. हिनं फरशी पुसली तेव्हा तर लगेच.

वायरमन आला, पेटीत डोकावला, म्हणाला, "साहेब, घरात कुठेतरी गळती आहे. एकेक वस्तू तपासावी लागेल. मला मंगळवारशिवाय जमणार नाही. तोवर टाकी बंद ठेवा."

म्हणजे वैद्यानं सांगावं, मी मंगळवारी येतो, तोवर रोग्यानं श्वास घेऊ नये! हिचा चेहरा एवढासा झाला. "पाच दिवस? पाच दिवसांत एक राहणार नाही हो त्यातला."

तिचं ते तोंड मला बघवेना. खरं तेच लिहितो. तो गेल्यावर मेन बंद करून पेटी उघडली आणि वायरचा एक तुकडा टाकून त्या स्विचला वळसा घातला. स्विच जागेवर आहे, वीज त्याच्या बाजूनं जाते. चौतीस वर्षं दुसऱ्यांची यंत्रं उघडली, ही पेटी काय मोठी! त्यानंतर वीज एकदाही गेलेली नाही, म्हणजे तो स्विचच खराब होता. वायरमनला फोन करून कळवलं, काम झालं, येऊ नका.

ही म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून." असं तिनं कितीतरी दिवसांत म्हटलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर

७.४.

दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा हिला वाचायला लावलं. सात पूर्णांक चार. इतकं सगळं करून युनिट वाढले! कुठेतरी पाणी मुरतंय.

दुपारी ही भांडी घासताना म्हणाली, "अहो, नळाला हात लावला की मुंग्या येतात हो बोटांना."

"मानेचं दुखणं असेल. उशी बदल."

"नळालाच येतात पण. आणि टाकीच्या स्टँडला पुसताना."

मी आकड्यांमुळे आधीच वैतागलेलो. म्हटलं, "आता टाकीचं हेही दुखणं सुरू झालं का? तसं असेल तर सरळ सांग, उद्याच मासेवाल्याला बोलावतो, घेऊन जाऊ दे."

"नाही नाही," म्हणाली. "मानेचंच असेल."

संध्याकाळी तिच्यासाठी मलम आणलं.

१९ नोव्हेंबर

७.६, ७.३, ७.८, ७.७. चार दिवसांचे आकडे.

आज रीतसर तपासणी केली. फ्रिज काढला, दिवे बंद, टीव्हीची पिन काढली. चालू फक्त टाकी. मीटरवरचा लाल दिवा किती वेळात किती वेळा लुकलुकतो ते घड्याळ लावून मोजलं. टाकीचा भार हीटरसकट जास्तीत जास्त एकशेचाळीस वॉट. मीटर दाखवतो तीनशेच्या वर. मग वरचे कोण खातंय?

टाकीचीही पिन काढून मोजावं असं एकदा मनात आलं. ही लगेच आडवी आली. "नको हो, दहा मिनिटंही नको. हवा थांबली की बिचारे वर येऊन तोंड वासतात." शिवाय टाकीचा भार मला पाठ आहे. आमच्या खात्यात प्रमाण वजन जोखत नसत, त्यानं बाकीच्यांचं जोखत. तसंच हे.

तेव्हा निष्कर्ष एकच निघतो. आपल्या मीटरवरून दुसरं कोणीतरी वीज ओढतंय.

२० नोव्हेंबर

आणि चोर आपल्या पायांनी दारात आला!

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई आल्या. एकट्या राहतात, चाळिशीच्या असतील. म्हणाल्या, "काका, तुमच्याकडे काही बिघडलंय का? माझ्या न्हाणीघरातल्या गरम नळाला करंट लागतो. काल चांगलाच लागला. माझ्याकडचं सगळं तपासून घेतलं, माझ्यात काही नाही. पाइप वरून येतो म्हणून विचारलं."

मी म्हटलं, "आमच्यात काही नाही."

"एकदा माझा वायरमन बघून जाईल. पैसे मी देईन."

इथे मी सावध झालो. स्वतःच्या खिशातून खर्च करून दुसऱ्याचं घर तपासायला कोण येतं? ज्याला तिथे काही जोडायचंय किंवा जोडलेलं झाकायचंय तो. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! सरळ सांगितलं, "बाई, तुमचा कोणीही माणूस या घरात पाऊल ठेवणार नाही."

"काका, कोणाच्या तरी जिवावर बेतेल."

"धमकी देताय का मला?"

त्या माझ्या खांद्यावरून आत हिच्याकडे बघत राहिल्या. ही स्वयंपाकघराच्या दारात ओले हात पदराला पुसत उभी होती. बाई गेल्यावर मी विचारलं, तुला काय वाटतं? तर म्हणाली, "त्या बऱ्या आहेत हो स्वभावानं." भोळी आहे ही.

वीज कार्यालयाला सविस्तर तक्रार लिहिली. चार पानं, आकड्यांच्या तक्त्यासह. माझ्या लेखणीला अजून धार आहे, हे मलाच वाचताना जाणवलं.

२३ नोव्हेंबर

७.९.

हिचं अलीकडे काहीतरी चमत्कारिक चाललंय. घरात रबरी सपाता घालून फिरते. आयुष्यभर अनवाणी राहिली, मी घालतो म्हणून मला नावं ठेवली. विचारलं तर म्हणे फरशी गार लागते. माशांना खाऊ चिमटीनं घालायची, आता लाकडी चमच्यानं घालते, लांबून. आणि स्वयंपाकघरातल्या नळाच्या मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घट्ट गुंडाळून ठेवलाय. "ओल्या हातानं घसरते मूठ," म्हणाली. डोकं चांगलं चालवलंय, पण दिसतं अगदी भिकारी.

मासे पाइपाच्या बाजूला फिरकत नाहीत. सगळे समोरच्या कोपऱ्यात गर्दी करून असतात. मी म्हटलं, थंडीत सगळे अंग चोरतात. दोन काल मेले. हिनं कुंडीत पुरले आणि तिथेच बसून रडली. नऊ होते, सात राहिले. मी सांत्वन म्हणून म्हणालो, दोन कमी झाल्यानं खर्च काही वाढत नाही. असं बोलायला नको होतं.

२६ नोव्हेंबर

मुलीचा फोन. ही फोन घेऊन बाल्कनीत गेली आणि दार लोटून घेतलं. अर्धवट ऐकू आलं ते असं : "नाही गं, रोज नाही... हळूच लागतो... मी सांभाळते, सपाता आहेत... नको, त्यांना नको सांगूस, टाकी काढतील... माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

मासे आणायचा बेत दिसतोय दोघींचा, माझ्यापासून लपवून. सातावर पुन्हा नऊ करायचे असतील. असू दे, इतकी माझी दहशत आहे हे ऐकून बरं वाटलं आणि नंतर तितकंसं बरं वाटलं नाही.

मग फोन माझ्याकडे आला. मुलगी एकदम म्हणाली, "बाबा, मी बसवून घेतलेला तो स्विच चालू आहे ना?"

"आहे."

"नक्की?"

"अगं, आहे म्हटलं ना!"

फोन ठेवल्यावर बराच वेळ तेच मनात. खोटं बोललो का? स्विच पेटीत आहे, जागेवर आहे. तिनं विचारलं आहे का, मी म्हटलं आहे. असलीच उत्तरं मला दुकानदार द्यायचे आणि मी त्यांची वजनं जप्त करायचो. हे लिहून ठेवतो, नंतर बघू.

२८ नोव्हेंबर

८.१. उच्चांक.

कार्यालयातून निरोप आला. सोमवारी, एक तारखेला, त्यांचा लाइनमन पाहणीला येणार. शेवटी कुणीतरी कागद वाचला! नर्सबाईंना जिन्यात गाठून कळवलं, सोमवारी दूध का दूध होईल. त्या म्हणाल्या, "बरं झालं काका. आजच नाही का येत कोणी?" चेहऱ्यावर कसली भीती नाही, लाज नाही. हल्ली आंघोळीला हॉस्पिटलातच जातात म्हणे. नाटकी बाई. जाताना मला विचारलं, "काकू बऱ्या आहेत ना?" म्हटलं, ठणठणीत आहेत.

ठणठणीत कसली. हिचा उजवा हात थरथरतो आजकाल. चहाचा कप बशीत वाजतो. सोमवारचं उरकलं की डॉक्टरकडे न्यायचं.

३० नोव्हेंबर

रविवार. उद्या लाइनमन येणार, म्हणून सकाळपासून घर आवरायला घेतलं. सरकारी माणूस घरात शिरतो तेव्हा आधी घर बघतो आणि मग कागद, हे मला चौतीस वर्षांच्या अनुभवानं माहीत आहे. गबाळ्या दुकानात मीही जरा जास्तच वाकून बघायचो.

ही भाजीला बाहेर गेली आहे. तेवढ्यात सगळं करून ठेवलं. बैठकीची आणि स्वयंपाकघराची फरशी भरपूर पाणी ओतून घासली. हिच्या सपाता मळून काळ्या झाल्या होत्या, त्या धुऊन बाल्कनीत उन्हात टाकल्या. नळाच्या मुठीवरचं ते भिकारडं रबर कात्रीनं कापून काढलं आणि नळ राखेनं असा घासला की तोंड दिसावं. रबराचे हातमोजे घालून घासला, राख बोटांना खाते म्हणून. लखलखतोय नुसता.

फरशी वाळावी म्हणून पुढचं दार उघडं टाकून बसलो आहे आणि हे लिहितोय. अजून ओलीच आहे. जिन्यात हिची पावलं वाजताहेत. बघून खूश होईल.

४ डिसेंबर

लिहायला बसतो आणि उठतो. आज चौथा दिवस. मीटरचा आकडा घेतलेला नाही.

ही आत आली. दारात चपला काढल्या. सपाता शोधल्या, दिसल्या नाहीत. मी आतून ओरडलो, "आधी स्वयंपाकघर बघ जाऊन!" भाजीची पिशवी घेऊन ती तशीच अनवाणी ओल्या फरशीवरून गेली. मी मागोमाग गेलो, तिचा चेहरा बघायला म्हणून.

तिनं नळ बघितला. हात पुढे केला नाही. आधी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "बघतेस काय, फिरवून तर बघ, कसा लोण्यासारखा फिरतो!"

तिनं हात पुढे केला. माझ्यासाठी केला, हे मला आज कळतंय.

आवाज असा काही आलाच नाही. घशात घुसमटल्यासारखं झालं तिला. हात नळाला चिकटला आणि सुटेना. सगळं अंग ताठ. डोळे माझ्याकडेच होते. मी धरायला धावलो तेवढ्यात मागून नर्सबाईंचा आवाज आला, "हात लावू नका! काका, हात लावू नका त्यांना!" कामावरून परत येत होत्या, दार उघडं होतं म्हणून त्यांना दिसलं. त्यांनीच दारामागची पेटी उघडून मेन पाडला. मी मधे उभा होतो. दोन्ही हात पुढे करून नुसता उभा.

ही खाली कोसळली. बाईंनी गुडघे टेकून तिची छाती दाबायला सुरुवात केली, मोठ्यानं आकडे मोजत. मी आयुष्यभर आकडे मोजले. असे कधी ऐकले नव्हते. बावन्नाव्या आकड्याला हिनं श्वास घेतला.

जिवंत आहे. तळहात भाजलाय. हृदयाचे ठोके चुकताहेत म्हणून लक्ष ठेवून आहेत. मुलगी आली आहे. माझ्याशी बोलत नाही.

६ डिसेंबर

लाइनमन आज आला. सोमवारी त्याला दुसरीकडे जावं लागलं होतं. वयस्कर माणूस आहे, कमी बोलतो. माझी चार पानं त्यानं हातात घेतली, बाजूला ठेवली आणि म्हणाला, "आधी एकेक प्लग काढून बघू या."

त्या दिवसापासून पडलेला मेन त्यानं वर केला आणि हीटरचा प्लग काढला. मीटरवरचा दिवा लुकलुकायचा जवळजवळ थांबला. एवढंच. दोन मिनिटं लागली.

मग त्यानं स्टँड पुढे ओढला. मागच्या पायाखाली वायर चेचून तिची तांब्याची तार उघडी पडली होती. तिथून वीज लोखंडी पायात, पायातून पाइपात, पाइपातून आमच्या नळात आणि खाली बाईंच्या नळात. तीन आठवडे. माझ्या मीटरवरून चोरी करणारा शोधत होतो, तो हा. प्लगाची मोडलेली पिन त्यानं बघितली, पेटीतला माझा वायरचा तुकडा बघितला. "हा कुणी टाकला?"

"मी."

त्यानं खिशातून पेन काढलं. एखादा मोठ्यानं रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं छापील कागद भरला. 'गळती ग्राहकाच्या घरात. सुरक्षा स्विच ग्राहकाने निकामी केला.' खाली फुली करून म्हणाला, "इथे सही करा, साहेब." मी हजारो माणसांच्या अशा सह्या घेतल्या. त्यांचे हात का रेंगाळायचे ते आज समजलं.

त्यानं सगळं नीट जोडून दिलं. नवी वायर, तीन पिनांचा बोर्ड, स्विच परत चालू. उरलेले पाच मासे नर्सबाईंनी आपल्याकडे मोठ्या टोपात नेऊन ठेवले आहेत. त्यांच्या दारात जाऊन मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "काका, आत्ता नको. मला अजून तुमचा राग आहे." बरोबरच आहे.

८ डिसेंबर

आज ही नीट बोलली. मुलगी बाहेर गेल्यावर मी विचारलं, "तुला कधीपासून कळलं होतं?"

"मी सांगितलं ना तुम्हाला, नळाचं. तेव्हापासून. पाइपाला टाकी टेकवली त्यानंतरच सुरू झालं होतं."

"मग परत का नाही सांगितलंस? एकदा ओरडायचं तरी होतंस माझ्यावर!"

ती छताकडे बघत म्हणाली, "तुम्ही टाकी काढली असती. पोरगी गेल्यापासून मी खोलीत आले की मान वर करून बघणारं घरात तेवढंच होतं हो."

मला रडू आलं. या वयात, हॉस्पिटलात, इतर रोग्यांच्या नातेवाइकांसमोर. पट्टी नसलेला तिचा हात धरायला गेलो. तिनं तो चादरीत घेतला. रागानं नाही, आपोआप, चटका बसलेला माणूस घेतो तसा.

मी भराभरा सांगत सुटलो. उद्या सोडणार आहेत, सगळं दुरुस्त झालंय, लाइनमनचा कागद आहे, टाकी परत मांडू, शंभर युनिट जाऊ देत, दोनशे जाऊ देत, फुगोबा जिवंत आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मासे खालीच राहू देत," म्हणाली. "मी जाऊन बघत जाईन. मला फक्त एक करून द्या. घरात कशाकशाला हात लावलेला चालेल, तेवढं लिहून द्या."

मी हसलो. ती हसत नव्हती.

९ डिसेंबर

सकाळी कोरा कागद घेतला. वर लिहिलं, 'घरातील हात लावण्यास सुरक्षित वस्तू'. खाली एक आकडा घातला आणि बसलो.

लाइनमनकडून टेस्टर मागून घेतला आहे. त्या टेस्टरनं मी घरभर एकेक गोष्ट तपासली. नळ, पाइप, फ्रिजचं दार, खिडकीचे गज, कपाट. दिवा कुठेच लागला नाही. मग प्रत्येक गोष्टीला स्वतःचा हात लावला, ओला करूनही लावला. काही नाही. सगळं ठीक आहे, माझ्याकडे सही-शिक्क्याचा कागद आहे. असले ठीक असल्याचे शिक्के मी आयुष्यभर मारले आणि लोकांनी ते बघून माल घेतला. तरी 'नळ' लिहायला हात होईना. लिहिलं, खोडलं. 'फ्रिज' लिहिलं, खोडलं.

दुपारपर्यंत चार ओळी झाल्या. लाकडी खुर्ची. गादी. मुलीच्या खोलीतलं पुस्तकांचं फळकूट. मातीच्या कुंड्या. पाचव्या ओळीवर 'मी' असं लिहिलं. मग तेही खोडलं. ते तिचं तिनं ठरवायचं.

चारला तिला सोडतील. आणायला मुलगी आणि नर्सबाई गेल्या आहेत. मी यायचं नाही, घरी थांबून दार उघडं धरून ठेवायचं, म्हणजे तिला कडीला हात लावावा लागणार नाही, असा हिचा निरोप आहे.